चौथ्या गाण्यातला थांबा

प्रिय दादा,

चौथ्या गाण्यात मधेच सगळं थांबतं, ते कुणी ठरवलं आणि त्याचा अर्थ काय? गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला अकरा जणांनी विचारला आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणजे बोलते मी पुष्कळ. तुला माहीतच आहे, समोर माईक आला की माझं तोंड बंद राहत नाही. 'शांतता हेही एक वाद्य आहे' असं मी एका मासिकाला सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं, तो थांबा म्हणजे यंत्र बंद पडल्यावर कामगाराला ऐकू येणारा स्वतःचा श्वास. ते त्यांनी माझ्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापलं. बाबांनी ते कात्रण पाकिटात ठेवलंय आणि गाडीतून सामान पोचवायला ज्यांच्या दारात जातात, त्यांनाही दाखवतात. परवा एका बाईंनी पावतीवर सही करायच्या आधी ते सगळं वाचून काढलं आणि विचारलं, म्हणजे तुमची मुलगी गाते की श्वास घेते? बाबा म्हणाले, "दोन्ही करते, पदवीधर आहे."

आधी इकडची खबर देते. 'भोंगा'ची दुसरी छपाई निघाली. आपल्या अल्बमला कुणी दुसऱ्यांदा छापेल असं तुला तरी वाटलं होतं का? तो साप्ताहिकातला समीक्षक, ज्याला वर्षभरात एकही गाणं धड आवडत नाही आणि ज्याच्या नावानं तू नाक मुरडायचास, त्यानं अख्खं पान लिहिलंय. शेवटचं वाक्य असं आहे: 'या वर्षातला हा सर्वांत प्रामाणिक पहिला अल्बम.' ते पान आपल्या गिटारवाल्या गादीवाल्याच्या काकांनी चौकटीत बसवून, आपण सराव करतो त्या गाद्यांच्या गोदामाच्या दारावर लावलं. आता गाद्या न्यायला येणारी माणसं आधी ते वाचतात आणि मग भाव करतात. आपल्या बेसवाल्या बाईच्या शाळेतल्या पोरांनी तिला फळ्यावर गिटार काढून दिली, सात तारांची. बेसला चारच तारा असतात, हे तिनं गणिताच्या तासाला शिकवून टाकलं. पुढच्या महिन्यात दौरा सुरू व्हायचाय. सात गावं, मोठी सभागृहं. आणि ड्रमवर तुझ्या जागी कुणी नाही. तू जाऊन आज सहा आठवडे झाले. 'मला कंटाळा आला' एवढंच सांगून गेलास, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. गादीवाला अजून तुझ्यावर चिडलेला आहे. म्हणतो, "आपण वर आलो आणि हा खाली उतरला, असलं झाकण मी आयुष्यात पाहिलं नाही." आई त्याला म्हणाली, "बँडचं नावच झाकण ठेवलंत, मग दुसरं काय होणार?"

नाव मात्र तूच ठेवलं होतंस. मी आठवीत होते आणि तू नुकताच प्रेसवर लागला होतास. पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना, आणि तुझ्याकडे झाकणांचं काम. वर प्रेस, खाली पत्रा, दिवसाला तीन-चार हजार झाकणं. त्यातली वाकडी निघालेली तू घरी घेऊन यायचास. आईला वाटलं डब्यांना लावायला आणतोयस. तिनं दोन महिने त्या मापाचे डबे शोधले. तू मात्र त्यांना भोकं पाडून, तारेनं खुर्चीच्या पाठीला टांगून, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर लाटणं आणि उलथन्याचा दांडा घेऊन बसलास. तो तुझा पहिला ड्रमसेट. मी समोर बसून पाठांतर करत होते आणि तू माझ्या कवितेला ठेका धरलास. परीक्षेत ती कविता लिहिताना माझा पाय हलत होता, म्हणून पर्यवेक्षिकेनं येऊन विचारलं, बाळ, जायचंय का कुठे?

कॉलेजचं लिहायला मला थोडं अवघड जातंय, पण लिहायला हवं. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी मला सोडायला तू सायकलवरून आलास आणि फाटकातून आत यायला तयार होईनास. म्हणालास, "तू जा, डिग्री. मी इथूनच बघतो." त्या दिवसापासून मी डिग्री झाले, मिळाली तीन वर्षांनी. शेवटच्या वर्षी मी प्रकल्प केला, 'कारखान्यातला आवाज आणि कामगारांचं आरोग्य'. आठवतं? सगळी माहिती तूच आणून दिलीस. पाळीत किती माणसं, किती तास, कानात काय घालतात. कापूस घालतात, तू सांगितलंस, तोही घरून आणायचा. सुपरवायझर म्हणतो, सवय होते. मी ते सगळं आकड्यांत मांडलं आणि विद्यापीठाचं पहिलं बक्षीस घेतलं. तू त्याच्या वीस प्रती काढून कारखान्यात वाटल्यास. कुणी वाचलं का विचारल्यावर म्हणालास, "एकानं वाचलं. त्याला वाटलं नोटीस आहे."

त्या प्रकल्पाच्या चौदाव्या पानावर एक परिच्छेद आहे. कान आधी बारीक, चढे आवाज सोडतो. शिट्टी, घंटी, पाखरं. मग गर्दीतलं बोलणं. फोनवरचं तर फार लवकर जातं, कारण तिथं समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. माणूस स्वतः हे कबूल करत नाही, तो 'लक्ष नव्हतं' असं म्हणायला शिकतो. हे मी लिहिलंय, दादा. माझ्या अक्षरात. बावीस वर्षांची असताना.

आणि त्यानंतर वर्षभरानं, एका रविवारी, आई शेजारी गेली होती आणि तुला सांगून गेली होती की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. तू कुकरपासून चार फुटांवर बसून झांज पुसत होतास. मी बाहेरच्या खोलीत होते. तिसरी झाली, चौथी झाली, मला वाटलं तू उठशील. सातवीला मी आत आले. तू झांज उजेडाला धरून डाग बघत होतास. इतका निवांत होतास की मला आधी रागच आला. मी गॅस बंद केला तेव्हा तू दचकलास आणि म्हणालास, "लक्ष नव्हतं."

मला तिथंच कळायला हवं होतं. कळलंही. तरी खात्री करायची म्हणून मी दोन दिवसांनी एक वाईट गोष्ट केली. तू दारात बसून बूट घालत होतास. मी तुझ्या डाव्या बाजूला, पाठीमागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दादा, तुझी सायकल चोरीला गेली." तू नाडी बांधत राहिलास. मी उजवीकडून येऊन तेच म्हटलं, तर तू एका बुटानिशी जिन्यावरून खाली पळालास. सायकल जागेवर होती. वर येऊन तू मला बदड बदड बदडलंस, उशीनं, आणि आपण दोघं हसत होतो. मी जरा जास्तच हसत होते, तुझ्या लक्षात आलं नसेल.

त्यानंतर मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण का केलं हे तुला माहीत नाही असं तू दाखवलंस. निदान तुझ्या कानांचं मला माहीत नाही असं तुला नक्की वाटतं. गोदामात सरावाला माझी जागा आधी दाराशी होती. मी ती बदलून तुझ्या अगदी समोर आणली. गादीवाल्यानं कारण विचारलं तर म्हणाले, दादा समोर दिसला की मला सूर लागतो. बाई म्हणाली, "काय ही भावंडं, डोळे पाणावले माझे," आणि दोघांनी आठवडाभर पिडलं मला. मग मी पांढरे बूट घेतले. गोदामात त्या गाद्यांच्या राशींमुळे दिवसाही अंधार असायचा, पण पांढरा बूट दिसतो. मी टाचेनं ठेका धरायचे, जरा मोठा, जरा उघड. पहिल्याच दिवशी तुझी नजर खाली माझ्या पायावर आली आणि तिथंच राहिली. त्यानंतर दीड वर्ष तू माझ्या टाचेवर वाजवलंस. एकदाही चुकला नाहीस. आपण दोघांनी एकमेकांना काहीच विचारलं नाही.

तेव्हा मला काय वाटत होतं, ते तुला सांगते. मला वाटत होतं, मी तुला मदत करतेय. माझ्या भावाची अब्रू राखतेय. बसमध्ये, कामगारांच्या सभेत मी हक्कांबद्दल तावातावानं बोलायचे आणि संध्याकाळी येऊन पांढरे बूट घालायचे.

ते चौथं गाणं, 'कापूस', मी त्याच दिवसांत लिहिलं. तूच चाल सुचवलीस, प्रेस खाली येते तशी. गाण्यात कुणी कुणाला बोलवत नाही, सगळे एकमेकांना खुणा करतात, आणि दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात. मी एकटी एक ओळ म्हणते: 'आज घरी येताना मला कुणी हाक मारली का?' आणि लगेच तू सुरू करायचं, तुझ्यामागून सगळ्यांनी. आपला नियमच होता तो. सुरुवातीला सगळे आपापल्या मर्जीनं घुसायचे म्हणून बाईनं शाळेसारखा कायदा केला होता: पहिला ठोका दादाचा. तो वाजेपर्यंत कुणी तारेला बोट लावायचं नाही, छप्पर पडलं तरी नाही.

आता त्या स्टुडिओतल्या दिवसाचं लिहिते. सगळी तयारी झाली होती, आणि रेकॉर्डिंगवाल्या काकांनी तुला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. ड्रमचा आवाज बाकीच्या माईकमध्ये जाऊ नये म्हणून. आम्ही तिघं बाहेर. काच होती, पण कमरेच्या वर. खाली लाकूड. मला तुझा चेहरा दिसत होता, तुला माझा. माझे पाय तुला दिसत नव्हते. मी ते पाहिलं. मी तेव्हाच म्हणू शकले असते, काका, याला बाहेर बसवा. त्यांनी कारण विचारलं असतं. मी गप्प बसले.

पहिली तीन गाणी निभावली, कारण ती सुरू झाली की थांबत नाहीत आणि गिटारचा दणका जमिनीतून तुझ्यापर्यंत पोचतो. मग 'कापूस'. सगळं थांबलं. मी ओळ म्हटली. ओळ संपली. तू माझ्याकडे बघत होतास आणि मी मान हलवत होते, पण त्या ओळीवर मी भावनेनं मान हलवतेच, त्यातली कुठली खरी हे तुला कसं कळावं? तुझी नजर खाली गेली, जिथं बूट असायला हवे होते तिथं. तिथं लाकूड होतं. गादीवाला तारेवर बोट धरून उभा. बाईनं डोळे मिटले होते. नियम म्हणजे नियम, कुणी हललं नाही. शेवटी मी हात वर केला, वर्गात उत्तर येत असलं की करतात तसा सरळ वर, आणि तू सुरू केलंस. इतक्या जोरात की काच हलली. सहा सेकंद. मी नंतर घड्याळ लावून मोजले.

गाणं संपल्यावर मला वाटलं काका ओरडणार. त्यांनी हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाले, "हे कुणी ठरवलं? फार भारी आहे. याला हात लावायचा नाही." तू केबिनचं दार उघडून बाहेर आलास, कपाळ पुसत. काकांच्या ओठांकडे बघत होतास तू. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "हिनं. आमची डिग्री आहे ना." सगळे हसले. मीही हसले. मी ते नाकारलं नाही, दादा. तू तुझी चूक झाकायला मला मोठेपणा दिलास आणि मी तो घेऊन टाकला. आता लोक त्याच सहा सेकंदांसाठी सभागृह भरणार आहेत. 'प्रामाणिक' हा शब्द त्या समीक्षकानं नेमका ह्याच गाण्याबद्दल लिहिताना पहिल्यांदा वापरलाय.

मोठ्या सभागृहातला तो सराव तुला आठवत असेलच, मला तो विसरताच येत नाही. तिथं प्रत्येकाच्या कानात ते इअरफोनचं छोटं बटण, त्यात टिकटिक, आणि टिकटिकीवर सगळं चालायचं. तू तिथल्या तंत्रज्ञाला म्हणालास, आवाज वाढव. त्यानं वाढवला. अजून. अजून. तिसऱ्या वेळी त्यानं तुझ्या एका कानातलं काढून स्वतःच्या कानाला लावून पाहिलं आणि झटकन बाजूला केलं, आणि तुझ्याकडे रोखून पाहिलं. तू दुसऱ्या कानातलंही काढून त्याच्या हातात दिलंस. म्हणालास, "हे खेळणं मला नको." चार दिवसांनी कंटाळा आला. आठव्या दिवशी तू गेलास. आणि गेलास कुठे तर परत प्रेसवर. दुसऱ्या गावात, जिथं तुला कुणी ओळखत नाही आणि कुणी काही विचारत नाही. तिथं सगळेच खुणांनी बोलतात. तुला किती बरं वाटत असेल, हे मला समजतं. म्हणूनच मला झोप लागेना.

तू गेल्यावर मी तुला नऊ वेळा फोन केला. नऊही वेळा तू "हो, हो, बरं, ठेवतो" म्हणालास. मागच्या गुरुवारी मी सांगितलं, आईचे दोन दात काढायचेत, ती फार घाबरलीय. तू म्हणालास, "वा, छान, माझ्याकडून अभिनंदन सांग." मी फोन ठेवून बराच वेळ हसले. आईला मी सांगितलं की दादानं काळजी घ्यायला सांगितलीय. दात काढून झाले, ती बरी आहे, आइस्क्रीम खाऊन खाऊन बाबांना वेडावते.

शुक्रवारी मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तुझं नाव न सांगता काही विचारता येईल असं वाटलं होतं, पण तपासणी कशी असते तेही मला बघायचं होतं, म्हणून मी आधी माझीच करून घेतली. एक छोटी केबिन असते, काचेची खिडकी, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. मी इतकी घाबरले की आवाज यायच्या आधीच दाबू लागले. बाहेरच्या बाईंनी दार उघडून सांगितलं, "अहो, मी अजून सुरूच केलं नाही." मी म्हटलं, मला नापास व्हायची सवय नाही. त्या म्हणाल्या, इथं कुणी पास-नापास होत नाही, इथं फक्त बघतात. मग मी डोळे मिटून बसले. फार हळू आवाज होते, एकेक, आणि त्यांच्यामध्ये मोठमोठी शांतता. त्या शांततेत मी वाट बघत होते आणि मला तू दिसलास, तुझ्या केबिनमध्ये, खाली लाकडाकडे बघणारा. दादा, मी अकरा जणांना त्या थांब्याचे अर्थ सांगितले. तिथं आत असताना कसं वाटतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फार एकटं वाटतं.

डॉक्टर मध्यमवयीन आहेत, शांत. माझा कागद बघून म्हणाल्या, "तुमचे कान उत्तम आहेत. कुणासाठी आलात?" मग मी सांगितलं. त्या म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखता येतं, पण त्याला आवाजापासून लांब राहायला हवं, आणि लवकर. कानाला यंत्र लावता येतं, त्यानं पुष्कळ फरक पडतो, आणि वाजवणारे लोकही ते लावतात. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "तर आणखी राहिलं असतं." असं साधं म्हणाल्या, खिडकी उघडी आहे म्हणावं तसं. मग त्यांनी पेन उचलून विचारलं, घरच्यांच्या हे कधी लक्षात आलं? मी म्हटलं, अलीकडेच.

जिना उतरून मी रस्त्यापर्यंत आले. मग परत वर गेले. बाहेर दोन पेशंट बसले होते, त्यांच्या मधून आत घुसले आणि म्हटलं, दोन वर्षं झाली. माझ्या लक्षात आलं होतं. डॉक्टरांनी 'अलीकडे' खोडून 'दोन वर्षे' लिहिलं, "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. कुणी ओरडलं असतं तर सोपं गेलं असतं.

हे सांगायला मला माफी हा शब्द वापरवत नाही, कारण माफी मागितली की तू लगेच देशील. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील: अगं वेडे, तू सांगितलं असतंस तरी मी गेलो असतो का डॉक्टरकडे? कदाचित गेला नसतास. पण ते 'नसतास' तुझ्या तोंडून यायला हवं होतं, मी आधीच ठरवून टाकायला नको होतं. मी का गप्प बसले हे मी स्वतःला शंभर तऱ्हांनी समजावलं. तुझी अब्रू, तुझा अभिमान, तुझी नोकरी. खरं एवढंच की अल्बम व्हायचा होता, आणि तुझ्याशिवाय तो झाला नसता. मला गायचं होतं. मी तुझ्या कानांकडे कानाडोळा केला आणि त्याच कानांवर एक सुंदर गाणं लिहिलं. ते गाणं वाईट आहे असं मला अजूनही म्हणवत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

तू वाजवायला परत ये असं मी म्हणत नाही. तुला वाजवायचं असेल तर आपण रीत शोधू. मला तुझ्यासमोर उभं राहायला आवडतं, आणि बूट अजून नवे आहेत. नसेल वाजवायचं तर दुसरं कुणी वाजवील, तू शिकव त्याला, किंवा नको शिकवू. ते तुझं तू ठरव. पण ती प्रेस नको, दादा. त्या जागी उरलेलंही जाईल, आणि तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते कळणारसुद्धा नाही, कारण त्याचंही जात असेल.

तुझं कुणाला सांगितलेलं नाही. गादीवाला आणि बाई दोघांना एवढंच म्हणाले की तो कंटाळून गेलेला नाही, आणि का गेला ते तो सांगेल तेव्हा सांगेल, तोवर त्याला झाकण म्हणायचं नाही. बाई म्हणाली, बरं. गादीवाला म्हणाला, "मला वाटलंच होतं. त्याच्यासारखा माणूस गादीवर झोपून कंटाळेल, ड्रमवर नाही." अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांना काल लेखी देऊन आले की दौऱ्याची पहिली दोन गावं पुढे ढकलावी. ते म्हणाले, वाजवणारे पन्नास मिळतात. मी म्हटलं, मिळत असतील, पण आमच्याकडे पहिला ठोका वाजल्याशिवाय कुणी तारेला हात लावत नाही. त्यांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी तारखा बदलल्या.

हे पत्र तुला पोस्टमननं आणून दिलेलं नाही, हे तू आत्ता वाचताना बघतोच आहेस. फोनवर हे बोलले असते तर तू "हो, हो, बरं" म्हणाला असतास, आणि समोर येऊन बोलायचं तर तुझ्यापर्यंत पोचायला मला हे सगळं फाटकाशी उभं राहून ओरडावं लागलं असतं. कागदाला तरी तुला 'हो' म्हणता येत नाही. अर्धं पत्र मी सकाळच्या बसमध्ये लिहिलं, म्हणून अक्षर हललंय, उरलेलं तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या बाकावर बसून. तुमच्या प्रेसचा आवाज इथंपर्यंत येतो. आईनं तुझ्यासाठी स्वेटर दिलाय, तो मांडीवर आहे. तुझी सुट्टी चारला होते, असं रखवालदारांनी सांगितलं. डॉक्टरांनी उद्या सकाळी अकराची वेळ दिलीय, आणि आज संध्याकाळच्या परतीच्या बसची दोन तिकिटं माझ्या पिशवीत आहेत. तू नाही म्हणालास तर मी एकटी जाणार नाही, इथंच राहीन, एवढं माझ्या मनाशी पक्कं आहे. एक गोष्ट मात्र तुला न विचारता केली. मघाशी आत जाऊन तुझ्या सुपरवायझरना भेटले आणि तुझ्या उद्याच्या रजेचा अर्ज मीच लिहून दिला. कारणाच्या जागी 'बहीण न्यायला आली आहे' असं लिहिलं. त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि मंजूर केला.

तुझीच,
डिग्री